गाळलेलं नाव

१

पत्र हातात आलं की आधी त्याच्यावरचा शिक्का वाचायचा, ही भालचंद्र चुरींची एकतीस वर्षांची खोड. जानेवारीच्या अखेरीस पोस्टमास्तरकी संपली, तरी खोड काही संपली नव्हती. म्हणून मार्चमधल्या त्या शुक्रवारी युजीन तुस्कानो त्यांच्या पानमळ्यात आला आणि त्याने पाकीट पुढे केलं, तेव्हा भाऊंनी ते आधी उलटसुलट केलं. शिक्का नैरोबीचा होता.

"आतलं वाचा, भाऊ," युजीन म्हणाला आणि पाटाच्या कडेला मटकन खाली बसला.

हा युजीन म्हणजे गावाचं कौतुक. शेतकी खात्यातली नोकरी सोडून तो परदेशी मदतसंस्थांचा सल्लागार झाला होता. गावात कोणाला हे काम नीट कळलं नव्हतं. स्वतःची वाडी सोडून दुसऱ्याच्या वाडीला पाणी कधी सोडायचं ते सांगणारा माणूस, एवढाच अर्थ लोकांनी लावला होता. काहीजण तर उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणत. ते मात्र खोटं होतं. युजीन उंटावरून उतरणारा होता आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

गेल्या पावसाळ्यानंतर एका युरोपीय संस्थेने त्याला दक्षिण सुदानात पाठवलं होतं. तिथे यादवी पेटलेली. संस्था उपाशी लोकांसाठी ज्वारी पाठवत होती आणि ती लोकांच्या पोटात जाते की नाही, हे पाहायचं होतं. युजीन कचेऱ्यांत गेला नाही. तो एका गावात बायाबापड्यांच्या चुलीपाशी बसला आणि गोणी किती दिवस पुरली एवढंच विचारत राहिला. अकरा जणांनी त्याला खरं सांगितलं. धान्य वाहणारा ठेकेदार अर्ध्या गोण्या परस्पर बंदूकवाल्यांना विकत होता. युजीनने अकराही जणांना शब्द दिला की तुमची नावं माझ्या वहीबाहेर जाणार नाहीत.

पत्र तिथल्या मिशनचे फादर अँथनी यांचं होतं. भाऊंनी ते सावकाश वाचलं.

सोळा फेब्रुवारीला, पहाटे, बंदूकवाले गावात आले. त्यांच्या म्होरक्याच्या हातात कागद होता. त्याने तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्या गावात कागदावरून नाव पुकारलं की धान्य मिळतं, हीच लोकांची सवय. ज्याचं नाव आलं तो हसत पुढे आला. काहींनी रिकाम्या टोपल्या आणल्या होत्या. अकरा नावं वाचून झाली, तेव्हा चिंचेखाली अकरा माणसं रांगेत उभी होती. रांग लावायलाही कोणाला सांगावं लागलं नाही.

भाऊंनी कागद खाली ठेवला. पानांवरचे हात धोतराला पुसले आणि मग पुढचं वाचलं.

"मेले अकरा, तुला सांगणारेही अकरा," ते म्हणाले. "म्हणजे वहीतलीच नावं."

"नाही. वहीतले दहाच मेले. अकरावी केजी. ती माझे कपडे धुवायची. मला ताप आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली. तिने मला धान्याविषयी एक शब्द सांगितला नव्हता, भाऊ. तिचं नाव वहीत नाहीच."

"आणि वहीतला उरलेला?"

"लाडो. तो जिवंत आहे. त्याचं नाव कोणी पुकारलंच नाही."

उरलेल्या गावाने त्याचा सरळ अर्थ लावला होता. लाडोने नावं विकली, स्वतःचं गाळलं आणि त्या जागी केजीचं घातलं, कारण एका शेळीवरून त्याचं तिच्याशी भांडण होतं. लोकांनी त्याला धान्याच्या कोठारात कोंडलं होतं. ईस्टरनंतरच्या रविवारी म्हातारे बसून निवाडा करणार होते. फादर अँथनींनी शेवटी लिहिलं होतं : ‘यादी तुमच्या बाजूने फुटली असेल तर कशी फुटली आणि तीत लाडोचं नाव का नाही, हे मला कळवा. नैरोबीला तार केलीत तर ते मला रेडिओवर सांगतील. हे म्हातारे अडाणी असतील, मूर्ख नाहीत. एक गाठ सुटायची राहिली तरी ते लाडोला सोडणार नाहीत.’

"वही कुठे आहे?"

"ट्रंकेत. किल्ली माझ्या गळ्यात." युजीनने गळ्यातल्या स्कापुलरच्या, त्या पवित्र ताइताच्या, दोरीला बांधलेली किल्ली दाखवली. "वही माझ्याशिवाय एकाच माणसाने पाहिलीय."

"कोणी?"

"आचोळ्याच्या प्रेमलताने. रिपोर्ट तिने टाइप केला."

२

प्रेमलता राऊत आचोळ्याला आईवडिलांकडे राहायची आणि टायपिंगची कामं घरी आणून करायची. भाऊ गेले तेव्हा ती ओसरीवर मशीनची फीत बदलत होती. बोटं काळी झालेली. भाऊंनी कारण सांगितलं, तशी ती तडक उभी राहिली.

"म्हणजे संशय माझ्यावर? बरोबर आहे. गरिबाची पोर, चार पैशांना विकली जाणार, असंच ना?"

"संशय सगळ्यांवर आहे, बाय. माझ्यावरसुद्धा घे. त्या घरची सगळी पत्रं माझ्याच हातून गेलीत."

ती जरा निवळली. मग तिने नीट सांगितलं. डिसेंबरभर ती युजीनच्या घरी बसून टाइप करत होती. रिपोर्टमध्ये नावांच्या जागी नुसते आकडे. साक्षीदार एक, साक्षीदार दोन, असे अकरा. पण वही समोर असायची, त्यामुळे नावं तिला पाठ झाली होती. तिने ती बोटांवर मोजून म्हणून दाखवली. लाडो चौथा होता.

"केजी म्हणून कोणी?"

"नाही. असं नाव टाइप केल्याचं आठवत नाही." तिने भुवया आवळल्या. "थांबा, ऐकलंय मात्र. युजीनदादांच्या आईच्या, सालोमी काकींच्या तोंडून. केळी सोलताना त्या मला सांगायच्या, केजी कशी हसते, तिच्या धाकट्याला खरूज कशी झाली. जशी काही शेजारच्या वाडीतली बाई."

"काकींना कसं माहीत?"

"युजीनदादांची पत्रं यायची ना दर आठवड्याला."

भाऊंनी मान हलवली. ती पत्रं त्यांनी स्वतः छापे मारून वाटली होती. फुगलेली पाकिटं असायची. एकटा माणूस आईला लिहितो तशी.

उठता उठता त्यांनी विचारलं, "ही नावं तिकडे कोणाच्या कामाची, तुला काय वाटतं?"

"मला काय विचारता?" प्रेमलता म्हणाली. "युजीनदादांच्या चुलतभावाला विचारा. तो त्याच ठेकेदाराकडे नोकरीला आहे."

३

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं भाऊंना वाटलं. युजीनने हे सांगितलंच नव्हतं. विचारल्यावर तो म्हणाला, "हिलरीचा संबंध येतच नाही, भाऊ. विहिरीच्या पाण्यावरून आमची दोन घरं सहा वर्षं कोर्टात आहेत. त्याने आमचा उंबरा ओलांडलेला नाही. त्याला वही दिसणार कशी?"

युक्तिवाद बिनतोड होता. तरी भाऊ विरारला गेले आणि पूर्वेला चंदनसारची वाट चालू लागले.

हिलरी तुस्कानोचं घर तिथे उभं राहत होतं. गाव सोडून इतक्या लांब माळावर का, तर म्हणे विहिरीचं पाणी नको आणि भाऊबंदही नकोत. स्लॅब घालून झाला होता. हिलरी छत्री उघडून खुर्चीत बसला होता आणि गवंड्यांवर ओरडत होता. पोट सुटलेलं, मनगटावर परदेशी घड्याळ. नाताळच्या सुट्टीवर आला तो परत गेलाच नव्हता. ठेकेदाराने त्याला मुंबईतला एजंट नेमला होता.

"या मास्तर! रिटायर झालात ना? माझी रजिस्ट्री बहुतेक तुमची शेवटचीच."

"तशीच," भाऊ म्हणाले. त्यांना आठवलं. सुट्टीनंतरची खिडकीवरची गर्दी, हिलरीने त्यांचंच पेन मागून घेतलेलं, पेन गळून पाकिटावर पडलेला शाईचा डाग.

भाऊंनी आडपडदा ठेवला नाही. अकरा माणसं मेली, लाडो कोंडलाय, यादी इथून फुटली की तिथून हे शोधतोय, असं सरळ सांगितलं. हिलरीने छातीवर क्रूसाची खूण केली.

"देवा रे. आणि युजीन माझं नाव घेतो, नाही? घेऊ दे. सहा वर्षांत त्या घरातल्या कोणाशी माझा शब्द नाही. गावाला विचारा. मी वही पाहिली असेन तर माझे डोळे फुटोत."

"वहीचं नाव मी काढलंच नाही."

"सल्लागार लोक वहीतच लिहितात, मास्तर. मी तिकडे पाच वर्षं पाहतोय." तो हसला. त्याने भाऊंसाठी चहा मागवला. चहा येईपर्यंत युद्धात लोखंड किती महागतं यावर बोलत राहिला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "त्या लाडोवर मात्र उगाच बालंट. यादीत ज्याचं नावच नाही त्याला कोण मारणार? तो वाचला यात त्याचा काय गुन्हा? सांगा त्यांना, सोडा म्हणावं बिचाऱ्याला."

"सांगतो," भाऊ म्हणाले.

चहा गोड होता. तो संपवून ते उतरणीला लागले आणि रस्त्याच्या मध्यावर थबकले. हिलरीच्या बोलण्यातलं काहीतरी कुसळासारखं टोचत होतं आणि ते काय, हे हाती लागत नव्हतं. वहीत लाडो चौथा होता.

मग हिलरीच्या मते लाडोचं नाव ज्या यादीत नाही, ती यादी कुठली?

४

सालोमी काकी शहात्तर वर्षांच्या होत्या. अंगणात खाटेवर त्यांनी सोललेली राजेळी केळी उन्हात मांडली होती आणि एकेक उलटी करत बसल्या होत्या. वसईतली सुकेळी आता फार थोड्या घरांत होतात आणि काकींसारखी तर कुठेच नाहीत. घरात त्या आपल्या बोलीत बोलत. भाऊंशी मात्र शाळेतल्यासारखं मराठी.

"बस, भालचंद्र. माशा हाकल जरा."

युजीनने बजावलं होतं, आईला यातलं काही कळता कामा नये. भाऊ माशा हाकलत बसले.

"जानेवारीत युरोपला निघाला तेव्हा त्या केजीला पाठवायला पुडी बांधून दिली होती," काकी म्हणाल्या. "आता युजीनला म्हटलं, पत्र लिहून विचार, आवडली का तिला. तर तोंड फिरवून गेला बघ. काय होतंय त्याला? तुला बोलला का काही?"

"काम फार आहे त्याला." भाऊंनी दुसरीकडे पाहिलं. "तिथल्या लोकांची बरीच माहिती दिसते तुम्हाला."

"असणारच! रोज रोझरीला, जपमाळ ओढताना, अकरा जणांची नावं घेते मी. माझ्या लेकाला परक्या मुलखात ज्यांनी जवळ केलं, ती माणसं माझीच ना?" आणि केळ्यांवरून हात न काढता त्यांनी नावं म्हटली. भाऊंनी मनातल्या मनात मोजली. दहा वहीतली. अकरावी केजी.

भाऊंच्या हातातलं केळीचं पान थांबलं.

"आणि लाडो, काकी?"

"त्याचं नाव काढू नकोस!" काकी फणकारल्या. "युजीनने मोठ्या कौतुकाने लिहिलं, लाडो फार खरा माणूस, तिन्ही बायकांनी मिळून मला जेवू घातलं. तीन बायका! असल्याचं नाव मी देवाच्या वेदीपुढे कसं वाचू देऊ?"

"वेदीपुढे? रोझरी तर घरात होते ना?"

"रोझरी घरात. मिस्सा देवळात." गावातले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. "युजीन जानेवारीत रिपोर्ट द्यायला युरोपला गेला ना, त्या रविवारी मी मिस्सा सांगितली होती. असं असतं बघ आमच्यात. ज्याच्यासाठी मिस्सा, त्याचं नाव फादर सगळ्यांसमोर वाचतात, म्हणजे सगळा गाव मिळून प्रार्थना करतो. मी कागदावर लिहून दिलं. वर गावाचं नाव. मग, ‘माझ्या युजीनला सत्य सांगणाऱ्या या माणसांचं देवाने रक्षण करावं.’ आणि खाली अकरा नावं. फादर थॉमसनी एकही न चुकता वाचली."

भाऊंनी हातातलं पान खाली ठेवलं.

"युजीनला सांगितलंत हे?"

"त्यात काय सांगायचं? प्रार्थना केली हे काय कोणी सांगत फिरतं?" काकींचा चेहरा मऊ झाला. "पण देवाने ऐकलं. त्याच मिस्सेने आमच्या घरातलं सहा वर्षांचं भांडण मिटलं बघ."

"कोणाशी?"

"कोणाशी म्हणजे? हिलरीशी!"

५

संध्याकाळी भाऊंनी युजीनला समुद्राकडे नेलं. सुरूच्या झाडांत कोणी नव्हतं. त्यांनी सगळं सलग सांगितलं. असं काही सांगताना अधे थांबलं तर पुढे बोलवत नाही.

"यादी फुटली म्हणजे वही फुटली, असं आपण धरून चाललो. वही कोणी उघडलीच नाही. वहीत लाडो आहे, केजी नाही. मारेकऱ्यांच्या कागदात केजी होती, लाडो नव्हता. असा कागद जगात एकच. तो तुझ्या आईने लिहिला."

युजीनने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

"केजी त्यात आली, कारण तिने तुझा जीव वाचवला. लाडो गळला, कारण त्याला तीन बायका. तू रिपोर्टमध्ये नावांचे आकडे केलेस, ट्रंकेला कुलूप लावलंस आणि दर आठवड्याला आईला नावानिशी पत्र लिहिलंस."

"आईला, भाऊ! आईला लिहिलं!"

"मी कुठे नाही म्हणतोय? मिस्सेला अख्खा गाव होता, पण त्या नावांचा उपयोग एकालाच. मिस्सा संपल्यावर हिलरी पायऱ्यांवर काकींच्या पाया पडला. म्हणाला, काकी, झालं गेलं विसरा, तो कागद मला द्या, मीपण यांच्यासाठी प्रार्थना करीन. काकी रडल्या. कागद दिला. मला मात्र तो शपथेवर सांगतो, सहा वर्षांत कोणाशी शब्द नाही म्हणून. लाडोचं नाव यादीत नाही, हे तो आपणहून बोलून गेला. चोराच्या मनात चांदणं. मिस्सा एकोणीस जानेवारीला, रविवारी. सोमवारी सकाळी माझ्या खिडकीवर हिलरीची रजिस्ट्री. ठेकेदाराच्या नावाने." भाऊ चालायचे थांबले. "छाप मीच मारला, युजीन. माझ्याच पेनाने त्याने पत्ता लिहिला."

दुसऱ्या दिवशी ते दोघे चंदनसारला गेले. हिलरीने नाही म्हटलं नाही. त्याने खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून चारघडी कागद काढून समोर धरला. सालोमी काकींचं तिरकं, थरथरतं अक्षर.

"घ्या. मूळ कागद जपून ठेवलाय, तिकडे नक्कल पाठवली. मी काय चोरी केली? देवळात लाऊडस्पीकरवर वाचलेली नावं, ती गुपित कशी? चुकली असेल तर तुझी आई चुकली."

युजीन त्याच्या अंगावर धावला. दोघा गवंड्यांनी त्याला धरलं. हिलरीने शर्ट नीट केला.

"कुठल्या पोलिसाकडे जाशील? कुठल्या देशातला खून? आणि साक्षीला कोणाला उभं करशील? म्हातारीला? कर. सांग तिला, अकरा माणसं तुझ्या प्रार्थनेने मेली. मी येतो सोबत."

भाऊंनी त्याच्या हातातून कागद घेतला. खाली उतरताना कागद भाऊंच्या हातात होता. त्यांनी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून तारेचा मजकूर केला : ‘यादी माझ्या आईने चर्चमध्ये वाचायला दिलेली. लाडोला तीन बायका म्हणून नाव गाळलं. चुलतभाऊ हिलरीने ठेकेदाराला पाठवली. मूळ कागद माझ्याकडे. लाडो निर्दोष.’

"एक शब्द कमी करू नकोस," ते म्हणाले. "फादरांनी काय लिहिलंय आठव. एकही गाठ राहता कामा नये."

"नाही करणार," युजीन म्हणाला. त्याने कागद आणि मजकूर दोन्ही खिशात घातले आणि तारघराकडे निघाला. भाऊ सोबत गेले असते, पण पानमळ्याला पाणी द्यायचं होतं. नंतर त्या पाण्याला त्यांनी किती शिव्या दिल्या याला गणती नाही.

६

ईस्टर झाला. त्यानंतरचा रविवारही झाला. एप्रिलच्या शेवटी नैरोबीचं दुसरं पाकीट आलं. युजीन ते घेऊन मळ्यात आला. या वेळी तो खाली बसला नाही.

फादर अँथनींनी थोडक्यात लिहिलं होतं : ‘तुमची तार पोहोचली. ‘लाडो निर्दोष, दोषी इथे सापडला,’ एवढंच तीत होतं. म्हाताऱ्यांनी मला विचारलं, समुद्रापलीकडच्या त्या माणसाला आमच्या गावातली नावं कोणी सांगितली? मला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, केजीचं नाव त्याला कसं कळलं? मला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, बाराजणांत लाडोच का सुटला? मी गप्प राहिलो. ते म्हणाले, हा गोरा फादर परदेशी लोकांची तार दाखवून खुन्याला सोडवतोय. लाडोला त्याच चिंचेखाली नेलं. त्याने शेवटपर्यंत तुमचं नाव घेतलं, युजीन सांगेल म्हणून. त्याच्या बायकांना पाहायला उभं केलं होतं.’

"कमी केलेस शब्द," भाऊ म्हणाले.

"तार नैरोबीहून रेडिओवर वाचतात. शंभर माणसं ऐकतात. त्यात माझ्या आईचं नाव?" युजीनने पाकीट मुठीत चुरगळलं. "तो हिलरी कधीतरी तिच्या कानावर घालेल, एवढ्या भीतीने मी झोपलो नाही. कागद मी त्याच दिवशी जाळला, भाऊ. मला वाटलं, मी निर्दोष म्हणतोय एवढं पुरेल. माझा शब्द पुरेल."

भाऊंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. त्यांनी यातलं काही केलं नाही. पाटाचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं.

इतक्यात कुंपणापलीकडून काकींची हाक आली.

"भालचंद्र, पेन घेऊन ये जरा. मला हल्ली दिसत नाही लिहायला."

दोघे गेले. काकी अंगणात बसल्या होत्या. सुकेळी आता बांधून झाली होती, पुड्या टोपलीत रचून ठेवलेल्या. डोळे रडून लाल. पत्र आलं तेव्हा लेकाचा चेहरा पाहून त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं आणि त्याने एवढंच सांगितलं होतं की लाडो वारला, तापाने.

"बाकी सगळे बरे आहेत ना, हे मी दहादा विचारलं," काकी भाऊंना म्हणाल्या. "अकराही जण सुखरूप आहेत म्हणतो. केजीपण. बघितलंस ना, भालचंद्र? ज्यांची नावं देवळात वाचली ते अकराच्या अकरा वाचले. एकाचंच मी गाळलं. तेवढा एकच गेला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "देवाने थोडंच विचारलं होतं, त्याला बायका किती म्हणून? मी कोण शहाणी लागून गेले? माझ्यामुळे मेला तो."

युजीन खांबाला धरून उभा होता. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"लिही," काकींनी कोरा कागद पुढे केला. "उद्याच्या मिस्सेला द्यायचाय. वर त्यांच्या गावाचं नाव घाल. खाली लाडो."

भाऊंनी गावाचं नाव लिहिलं. खाली लाडो लिहिलं. पेनातून शाई गळली आणि नावाशेजारी डाग पडला.

"आता त्याच्या तिन्ही बायका. जित्या आहेत बिचाऱ्या, त्यांना गरज जास्त. या खेपेला मी कोणाला गाळणार नाही. नावं सांग रे, युजीन."

"मला माहीत नाहीत, आई."

"त्यांच्या हातचं जेवलास आणि नावं माहीत नाहीत?"

"नाहीत."

"काकी," भाऊ म्हणाले. त्यांचं तोंड उघडं होतं आणि सगळं जिभेवर आलेलं होतं. खांबापाशी युजीनने दोन्ही हात जोडले. भाऊंनी पेनाला टोपण लावलं.

"असू दे," काकी म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी केली आणि टोपलीतली दोन पुडकी वेगळी काढून मांडीवर घेतली. "रविवारी हिलरीच्या नव्या घराला फादर आशीर्वाद द्यायला जाणारेत, मलाही बोलावलंय त्याने. त्याची तिकडे पुष्कळ ओळख आहे. त्यालाच सांगते नावं काढायला."